प्लाझ्माचं मॉडेल अडतं तेव्हा विद्यार्थ्याला काय शिकवायचं?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांवर आलेला लेख वाचला. खान्देशातल्या मुलांनी सुरतला नुसतं यंत्रमागावर किंवा हिरे घासायला न जाता हिरा तयार करणाऱ्या यंत्रांच्या रचनेकडे वळावं, हे त्यातलं म्हणणं मला मनापासून पटलं. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, भुसावळ ही सगळी गावं सुरतच्या लोहमार्गावरची. आमच्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी उधना-लिंबायतला राहतं. तिथे हिऱ्याचे रिअॅक्टर, म्हणजे हिरा वाढवणारी यंत्रं, बसत असताना आपल्या मुलांनी फक्त कामगार म्हणून जावं, हे मलाही बघवत नाही. मात्र त्याच लेखात असंही म्हटलं होतं, की आता यंत्र आधी संगणकावर चालवून बघता येतं, त्यामुळे सॉफ्टवेअर शिकलेल्या मुलाला अडचण नाही. या एका विधानासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवते. मायक्रोवेव्ह प्लाझ्मा म्हणजे मायक्रोवेव्ह लहरींनी अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. त्याच्या सिम्युलेशनवरचे, म्हणजे तो संगणकावर गणिताने चालवून बघण्याचे, प्रकल्प बरीच वर्षं माझ्याकडे असतात. सॉफ्टवेअर वापरणं मुलं पटकन शिकतात. अडचण येते ती मॉडेल, म्हणजे संगणकावर मांडलेलं हे गणित, अडल्यावर. आणि हे मॉडेल अडतंच.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. हिरा वाढवण्याच्या या पद्धतीत धातूच्या बंद भांड्यात हायड्रोजन आणि काही टक्के मिथेन सोडतात. त्यावर २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतात. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचीही वारंवारता हीच. लहरींमुळे वायूतले मोकळे इलेक्ट्रॉन तापतात, ते रेणूंवर आदळतात, हायड्रोजनचे अणू सुटे होतात, आणि साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला ठेवलेल्या हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बन थराथराने बसत जातो. कार्बन ग्राफाइटच्या रूपात बसला तर सुटा हायड्रोजन तो खरवडून नेतो आणि हिरा शिल्लक राहतो. जपानमधल्या संशोधकांनी मायक्रोवेव्ह प्लाझ्माने हिरा वाढवल्याचं काम १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्याकडे २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या विषयासाठी आयआयटीला पाच वर्षांचं संशोधन अनुदान जाहीर झालं आणि ते काम आयआयटी मद्रासकडे गेलं. थोडक्यात, विषय दूरचा नाही आणि हवेतलाही नाही.

आता सॉफ्टवेअरकडे वळते. कॉमसॉलसारख्या मल्टिफिजिक्स सॉफ्टवेअरमध्ये एकाच भांड्यातल्या अनेक गोष्टी एकत्र सोडवाव्या लागतात: लहरीचं विद्युतक्षेत्र, इलेक्ट्रॉनांची संख्या आणि त्यांची सरासरी ऊर्जा, आयन आणि उत्तेजित अणू, वायूचा प्रवाह, वायूचं तापमान. यातली प्रत्येक गोष्ट दुसरीवर अवलंबून. लहर इलेक्ट्रॉनांना तापवते, तापलेले इलेक्ट्रॉन आणखी इलेक्ट्रॉन निर्माण करतात, आणि वाढलेले इलेक्ट्रॉन त्याच लहरीची वाट अडवतात. शिवाय काळाच्या मापात प्रचंड तफावत. लहरीचं एक आवर्तन ०.४१ नॅनोसेकंदात संपतं, इलेक्ट्रॉनांना तापायला नॅनोसेकंद ते मायक्रोसेकंद लागतात, वायूला मिलिसेकंद ते सेकंद. म्हणून लहरीचं गणित वारंवारतेच्या भाषेत करतात आणि बाकीचं काळाबरोबर पुढे नेतात. इतक्या गुंतलेल्या गोष्टी एकत्र सोडवताना सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, कुठे ना कुठे थांबणारच.

थांबला की काय होतं? लाल अक्षरांत एरर येते, कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तर स्थिरावत नाही, म्हणून. विद्यार्थी गूगलवर शोधतो, टॉलरन्स (चालवून घ्यायची चूक) सैल करतो, मेश (गणितासाठी भांड्याचे पाडलेले बारीक खाने) बदलतो, कधी सॉल्व्हरच बदलतो. एखाद्या रात्री मॉडेल शेवटपर्यंत जातं, रंगीत चित्र मिळतं, ते प्रबंधात चिकटतं. मॉडेल का अडलं होतं आणि का सुटलं, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की मायक्रोवेव्ह प्लाझ्माचं मॉडेल अडतं तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे भौतिकशास्त्रातलं काहीतरी असतं, आणि ते वाचायला शिकवणं हेच या विषयाचं खरं शिक्षण आहे. बटणं दाखवणं हे शिक्षण नव्हे.

एक उदाहरण सविस्तर सांगते. पारोळा तालुक्यातली एक विद्यार्थिनी, घरी कापसाची शेती, भौतिकशास्त्रात पक्की. तिचा प्रकल्प साधा होता: वेव्हगाइडमधून, म्हणजे लहरी वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ चौकोनी नळातून, आरपार जाणारी क्वार्ट्झची नळी, नळीत कमी दाबाचा आर्गॉन, वेव्हगाइडमधून येणारी ५०० वॅट वीज, म्हणजे लहरींची शक्ती. वेव्हगाइड आतून ८६.३६ मिलिमीटर रुंद, ४३.१८ मिलिमीटर उंच, नेहमीचा प्रकार. तिने आधी आडवा छेद घेऊन द्विमितीय मॉडेल केलं, म्हणजे वरून बघितल्यासारखं. नळी गोल दिसते आणि विद्युतक्षेत्र कागदाला काटकोनात असतं. मॉडेल न अडता पूर्ण झालं. चित्रही देखणं, मध्ये लाल, कडेला निळं.

मी तिला चित्राशेजारची रंगांची पट्टी वाचायला सांगितली. पट्टीवरचा सर्वांत मोठा आकडा सुरुवातीला दिलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येपेक्षा कितीतरी लहान होता. म्हणजे प्लाझ्मा विझलेला होता आणि ते चित्र विझता विझता उरलेल्या इलेक्ट्रॉनांचं होतं. सॉफ्टवेअर रंगांची पट्टी आपोआप उपलब्ध आकड्यांवर ताणतं. त्यामुळे भरपूर असो की जवळजवळ काहीच नसो, मध्यभाग लालच दिसतो. एरर आली नाही म्हणून मॉडेल बरोबर, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. न अडता चुकलेलं मॉडेल अडलेल्या मॉडेलपेक्षा जास्त घातक.

का विझला? आम्ही विजेचा हिशोब मांडला. द्विमितीय मॉडेलमध्ये कागदाला काटकोनात जाणारी जाडी सॉफ्टवेअर सहसा एक मीटर धरतं. तिने पोर्टला, म्हणजे लहर जिथून आत येते तिथे, ५०० वॅट दिले होते, ते एक मीटर जाडीवर पसरले. खरा वेव्हगाइड ४३.१८ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम २१.६ वॅट आले. त्या वायूला आणि त्या नळीला एवढी वीज पुरली नाही. जाडी खरी घातल्यावर प्लाझ्मा तगला. हे सॉल्व्हरच्या कुठल्याही सेटिंगमध्ये सापडणारं नव्हतं. आत किती वॅट गेले, किती परत आले, किती प्लाझ्माने घेतले आणि किती भिंतीत गेले, एवढी बेरीज केली की सापडतं. ही बेरीज जुळत नसेल तर पुढचं काहीच बघू नये, असं मी मुलांना सांगते.

खरी अडचण पुढे आली. तिने दुसरा छेद घेतला, नळीच्या लांबीतून उभा. आता विद्युतक्षेत्र कागदाच्या पातळीतच होतं. मॉडेल सुरू झालं, काही मायक्रोसेकंद पुढे गेलं आणि थांबलं. थांबलं म्हणजे बंद पडलं नाही. लॉगमध्ये, म्हणजे सॉल्व्हरच्या नोंदींत, ओळींवर ओळी येत होत्या, पण काळ पुढे सरकत नव्हता. टाइम स्टेप, म्हणजे काळाची एकेक पायरी, लहान लहान होत गेली. "मॅडम, आते काय करानं?" तिचा चेहरा उतरला होता. वर्गात ती प्रमाण मराठी बोलते, अडचणीत अहिराणी येते.

तिला मी मेश बारीक करून बघायला सांगितलं, पण उत्तर मिळवायला नव्हे. काय होतं ते बघायला. आणि झालं असं, की नळीच्या टोकांकडे, जिथे प्लाझ्मा विरळ होत जातो, तिथे विद्युतक्षेत्राची एक बारीक रेघ दिसत होती, मेशच्या एका खान्याएवढी रुंद. मेश बारीक केली तशी रेघ आणखी अरुंद झाली आणि तिची उंची वाढली. पुन्हा बारीक केली, पुन्हा तेच. मेश खराब असती तर बारीक केल्यावर उत्तर एका आकड्याकडे स्थिर व्हायला हवं होतं. इथे ते वाढतच चाललं होतं. म्हणजे समीकरणातच काहीतरी अनंताकडे जात होतं.

ते काय हे समजायला थोडा सिद्धान्त लागतो. २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीसाठी इलेक्ट्रॉनांची एक सीमा-घनता असते, एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ७,४०० कोटी. त्यापेक्षा विरळ प्लाझ्मातून लहर आरपार जाते. त्यापेक्षा दाट प्लाझ्मा तिला परतवतो आणि ती फक्त थोड्या खोलीपर्यंत शिरते; घनता एक लाख कोटी असेल आणि टकरी कमी असतील तर ही खोली सुमारे ५ मिलिमीटर. सीमेवर नेमकं प्लाझ्माच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचं (विद्युतक्षेत्राला प्लाझ्मा कसा प्रतिसाद देतो हे सांगणाऱ्या आकड्याचं) मूल्य शून्यातून जातं. तिथे विद्युतक्षेत्राची दिशा घनतेच्या उताराला समांतर असेल, तर त्या ठिकाणी क्षेत्र उसळतं. आडव्या छेदात क्षेत्र कागदाला काटकोनात आणि घनतेचा उतार कागदात, म्हणून काही झालं नाही. उभ्या छेदात नळीच्या टोकांना दोन्ही एकाच दिशेने, म्हणून रेघ. पहिलं मॉडेल का सुटलं आणि दुसरं का अडलं, याचं कारण एकच.

प्रत्यक्षात क्षेत्र अनंत का होत नाही? कारण इलेक्ट्रॉन अणूंवर आदळतात, आणि शिवाय स्वतःच्या औष्णिक गतीने त्या पट्ट्यातून निघून जातात. पण तिच्या मॉडेलमधला दाब होता २० मिलिटॉर (टॉर हे दाबाचं एकक). एवढ्या कमी दाबाला टकरी लहरीच्या कोनीय वारंवारतेच्या मानाने शंभरपटीहून जास्त विरळ असतात. म्हणून रेघ इतकी बारीक. यावर मान्य उपाय आहे: टकरींच्या वारंवारतेत थोडी भर घालून ती रेघ जरा पसरवायची, म्हणजे मेशला ती पेलते. अनेक पॅकेजांत याची सोय दिलेली असते. पण विद्यार्थी ती सोय वापरून मोकळा होतो, आणि माझ्या मते काम तिथून पुढे सुरू होतं. भर टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि दर वेळी प्लाझ्माने एकूण किती वीज शोषली ते लिहायचं. पट्टा रुंद झाला काय किंवा अरुंद झाला काय, शोषलेली एकूण वीज फारशी बदलायला नको. बदलत असेल, तर पट्टा आपण गरजेपेक्षा जास्त पसरवला आहे. त्या मुलीने हे तक्त्यात मांडलं. तिच्या प्रबंधातलं माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचं पान ते आहे. चित्रांची पानं त्यानंतर येतात.

बाकीची कारणं थोडक्यात सांगते. सुरुवातीला किती इलेक्ट्रॉन द्यायचे, हा एक नेहमीचा घोळ. चूल पेटवताना आधी काडीकचरा लागतो, तसे थोडे इलेक्ट्रॉन मॉडेलला हातचे द्यावेच लागतात. ते फार कमी दिले तर प्लाझ्मा धरत नाही. सीमा-घनतेच्या खूप वर दिले, तर पहिल्या क्षणापासून लहर परत फिरते. पूर्ण वीज एकदम न देता हळूहळू चढवली, तर सॉल्व्हरला वाट सापडते. इलेक्ट्रॉनांची संख्या ऋण झाली असं दिसलं तर घाबरू नये. संख्येऐवजी तिचा लॉगरिदम सोडवणारी रचना याचसाठी आहे.

याला जोडून आणखी एक. काही परिस्थितींत त्याच विजेला आणि त्याच दाबाला प्लाझ्माची दोन उत्तरं असतात, एक विरळ आणि एक दाट. वीज चढवत गेलं तर एक मिळतं, उतरवत आलं तर दुसरं. प्रत्यक्ष उपकरणावरही असंच दिसतं. दोन विद्यार्थ्यांची उत्तरं जुळली नाहीत, तर लगेच एकाला चूक ठरवू नये. सुरुवात कुठून केली ते आधी विचारावं.

मग रसायनांचा तक्ता. आर्गॉनसाठीसुद्धा निदान चार-पाच अभिक्रिया लागतात. साध्या अणूचं आयनीकरण व्हायला १५.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) लागतात, पण तोच अणू आधी ११.५५ च्या उत्तेजित पातळीवर बसलेला असेल, तर तिथून वर जायला चारेक पुरतात. ही पायरी वगळली तर प्लाझ्मा टिकवायला मॉडेल भलतीच वीज मागतं. भिंतीवर आयन परत साधा अणू होतो आणि उत्तेजित अणूही शांत होतो, ही ओळ राहून गेली तर ते नळीत साठत जातात आणि वस्तुमानांची बेरीज बिघडते. टकरींची आकडेवारी एलएक्सकॅट या खुल्या संग्रहात फुकट मिळते, ही आपल्यासारख्या लहान गावांतल्या महाविद्यालयांसाठी मोठी सोय आहे. फक्त तिथला 'इफेक्टिव्ह' प्रकारचा टकरीचा छेद (टक्कर होण्याची शक्यता सांगणारा आकडा) 'इलॅस्टिक', म्हणजे नुसतं उसळून जाणाऱ्या टकरींचा, समजून घालू नये. त्यात ऊर्जा खाणाऱ्या टकरी आधीच मिसळलेल्या असतात. त्या पुन्हा वेगळ्या घातल्या की दोनदा मोजल्या जातात. फाइलीच्या मथळ्यात प्रकार लिहिलेला असतो, तेवढा वाचायचा.

वायूच्या तापमानाबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं, कारण हिऱ्याच्या रिअॅक्टरचं मॉडेल सर्वांत जास्त इथे फसतं. सुरुवातीला सोपं पडावं म्हणून मुलं वायूचं तापमान ३०० केल्विनवर स्थिर ठेवतात. कमी दाबाच्या आर्गॉनला ते एक वेळ चालतं. पण १०० टॉरच्या आसपासच्या हायड्रोजनमध्ये प्लाझ्माच्या गाभ्यात वायू ३००० केल्विनच्या घरात जातो. दाब तोच राहिला आणि तापमान दसपट झालं, की रेणूंची घनता एक दशांश होते. इलेक्ट्रॉनला दोन टकरींमध्ये दसपट अंतर मिळतं, तेवढ्याच विद्युतक्षेत्रात तो जास्त ऊर्जा कमावतो. मग जिथे गरम तिथे आयनीकरण जास्त, जिथे आयनीकरण जास्त तिथे वीज जास्त, आणि तिथेच आणखी गरम. प्लाझ्मा गोळा होऊन आक्रसतो. स्थिर तापमानाच्या मॉडेलमध्ये यातलं काहीच दिसत नाही, आणि तरीही ते न अडता पूर्ण होतं. त्या मॉडेलवर विश्वास ठेवून कुणी रिअॅक्टरच्या भांड्याची मापं ठरवली, तर प्लाझ्माचा गोळा चकतीच्या वर बसण्याऐवजी क्वार्ट्झच्या खिडकीशी जाऊन बसू शकतो. खिडकी तडकली की आतला गरम हायड्रोजन आणि बाहेरची हवा एकत्र येतात. म्हणून मी या विषयात इतकी आग्रही आहे. हे फक्त गुणांपुरतं नाही. उद्या आपलीच मुलं त्या यंत्राशेजारी उभी राहणार आहेत.

इथेच पालकांसाठी एक सांगते. घरातला मायक्रोवेव्ह ओव्हन उघडून प्लाझ्मा करून दाखवणारे व्हिडिओ मुलं बघतात. त्या ओव्हनच्या आत काही हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार उरू शकतो. मुलांना त्याला हात लावू देऊ नका.

आता तक्रारीचं. आमच्या भागात झालेल्या एका प्रशिक्षण कार्यशाळेला माझे विद्यार्थी गेले होते. संस्थेचं नाव घेत नाही. पडद्यावर जे दिसेल ते तसंच्या तसं क्लिक करायचं, शेवटी सगळ्यांचं एकच चित्र आणि एकच प्रमाणपत्र. एका मुलाने तिथे दाब बदलला आणि मॉडेल अडलं. त्याला उत्तर मिळालं, की जो आकडा दिलाय तोच ठेव. मुलगा परत आला तो, दाब बदलायचा नसतो, असं शिकून. व्हायव्हातही हेच बघते. बाहेरून आलेले परीक्षक चित्र बघतात, रंग छान आलेत म्हणतात, पान उलटतात. विजेचा हिशोब जुळला का, मेश दुप्पट बारीक केल्यावर उत्तर किती बदललं, वायूचं तापमान कसं घेतलं, हे प्रश्न क्वचित ऐकू येतात. मग विद्यार्थी चित्रावरच मेहनत घेणार, त्याला दोष कसा द्यायचा?

गाइडचीही बाजू समजते. लायसन्स महाग, एकाच संगणकावर अनेक मुलं, मे महिन्यात भुसावळ-जळगावकडचा पारा ४५ च्या वर गेला की संगणक तापून मंदावतो, आणि वीज गेली की रात्रभर चाललेलं मॉडेल गेलं. त्यामुळे मॉडेल एकदाचं सुटावं, एवढंच सगळ्यांना हवं असतं. पण यातल्या बऱ्याच गोष्टी पैशांवाचून होण्यासारख्या आहेत. मॉडेल चालता चालता ठरावीक टप्प्यांवर साठवून ठेवायचं, म्हणजे वीज गेली तरी तिथून पुढे सुरू करता येतं. आणि त्रिमितीय मॉडेलवर एकदम उडी मारायचीच नाही. आधी अवकाशाचा विचार न करता फक्त सरासरी घनता आणि सरासरी ऊर्जा यांची समीकरणं साध्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये सोडवावीत. त्यासाठी लायसन्स लागत नाही. बोल्झिग प्लस हा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची वाटणी काढणारा प्रोग्रॅमही फुकट आहे. हागेलार आणि पिचफर्ड यांचा त्यावरचा शोधनिबंध २००५ चा. एवढं केलेल्या मुलाला मोठ्या मॉडेलचं उत्तर दसपट चुकलं तर ते लगेच कळतं. मग एकमितीय, मग द्विमितीय. मोठं मॉडेल अडलं की एक पायरी खाली उतरून तोच प्रश्न तिथे विचारायचा.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. पहिली, जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात त्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला. सिम्युलेशनवरच्या प्रत्येक प्रबंधात 'मॉडेल कुठे अडलं आणि कसं सोडवलं' असं एक प्रकरण असावं आणि त्याला स्वतंत्र गुण असावेत. विजेची बेरीज आणि मेशची तपासणी जोडल्याशिवाय चित्र ग्राह्य धरू नये. अडलेल्या मॉडेलची लॉग फाइल लपवायची वस्तू राहिली नाही, तर मुलं ती जपून ठेवतील, आणि नंदुरबारच्या मुलाला जे कळलं ते चोपड्याच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागणार नाही. ही प्रकरणं मराठीत एकत्र करून विद्यापीठाने खुली ठेवली, तर तिन्ही जिल्ह्यांतल्या लहान महाविद्यालयांना ती पाठ्यपुस्तकासारखी उपयोगी पडतील.

दुसरी विनंती आपल्याला. हिऱ्याच्या रिअॅक्टरवर पुढचा लेख छापाल तेव्हा सॉफ्टवेअर शिकवणाऱ्यांबरोबरच प्रत्यक्ष प्लाझ्मावर काम करणाऱ्यांनाही विचारा. गांधीनगरची इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च आपल्यापासून काही फार लांब नाही. कामावर घेताना मुलाला काय विचारतात, हे त्यांच्याकडून समजलं तर आमच्या विद्यार्थ्यांना नेमकी दिशा मिळेल.

तोवर जे आमच्या हातात आहे ते आम्ही करतो आहोत. शनिवारी दुपारी आमच्या विभागात अडलेली मॉडेलं घेऊन बसतो. दुसऱ्या महाविद्यालयांतली मुलंही येतात. येताना लॉग फाइल आणावी, अभिक्रियांचा तक्ता आणावा, आणि वायू, दाब, वीज, भांड्याची मापं हे आकडे एका कागदावर हाताने लिहून आणावेत. संगणक आम्ही त्यानंतर उघडतो.

कळावे,

आपली,
भौतिकशास्त्राची एक प्राध्यापिका,
अमळनेर, जि. जळगाव